धक्क्याजवळची खोली

माझ्या सेतू केंद्रात लाइट असली की
सातबारा निघतो, उत्पन्नाचा दाखला निघतो,
काल दुपारी मात्र
मुंबईच्या बंदराजवळचं लॉज शोधलं.

दुधराम मारबते खुर्चीच्या टोकावर बसले,
डोंग्याच्या काठावर बसावं तसे, तोल राखून.
पुस्तकलाबाई उभ्याच.
पोरीनं, मोनालीनं, जहाजाची तिकिटं धाडली:
तीन रात्री, समुद्र, जेवण धरून.
आदली रात्र तेवढी यांच्याकडे.
"हजार-बाराशेत पाह्य," ते म्हणाले,
"अन् धक्क्यावर पायी जाता आलं पायजे."

पहिलं निघालं सातशेचं,
पण बंदर तिथून वीस किलोमीटर.
"टॅक्सीत जाईन तेवढ्यात दुसरी खोली येते. पुढचं."
पुढच्याच्या खिडकीतून समुद्र दिसतो, त्याचे नऊशे जास्त.
ते हसले.
"रातच्याले पानी काळंच असते रे बाबू.
चाळीस वर्सं फुकट पाह्यलं."

"आदल्या दिवशीच कायले जाचं?" पुस्तकलाबाईंचा प्रश्न.
"गाडी सकाळी पोचते, जहाज संध्याकाळी सुटते."
"अन् गाडी लेट झाली तं?
जहाज थांबन का?
तो काय मी हाये?"

पंख्याचाच आवाज राहिला थोडा वेळ.

वैनगंगेवर पूल नव्हता तेव्हा
शेवटची खेप गेल्यावर हाका यायच्या,
आणि अंधारात डोंगा लोटता यायचा नाही त्या रात्री
हाक मारणारे यांच्या ओट्यावर निजायचे.
बांगड्यांचा हारा उशाशी घेऊन एक कासार,
सातवा महिना लागलेली बाई आणि तिची कुरकुरी सासू,
एक तलाठी, जो झोपेत गुणाकार करायचा.
भात, अंबाडीची भाजी, असले तर झिंगे.
एकदा अख्खं वऱ्हाड अडकलं,
अडतीस माणसं आणि नवरदेवाचा घोडा.
"त्या घोड्यानं मायी पोपटीची वेल खाल्ली,"
पुस्तकलाबाई आत्ता म्हणाल्या, जणू आजच सकाळी.
आता एसटी पुलावरून जाते.
डोंगा बाभळीखाली पालथा आहे,
खाली कोंबडी अंडी घालते.

मी अभिप्राय वाचून दाखवू लागलो.
चार तारे: "स्टेशन जवळ, नाश्ता बरा."
साडेचार: "छान."
"छान म्हंजे काय? कोरं पान. खालचं वाच."
दोन तारे:
"चादर ओलसर. लिफ्ट बंद. नळाला आवाज.
मालकाने रात्री दीड वाजता उठून चहा दिला."
दुधरामांनी हात वर केला,
पैलतीरावरून कोणी हाक दिली की करत असतील तसा.
"थांब. यालेच फोन लाव."

अकराशे पन्नास. धक्का पायी बारा मिनिटं.
त्यांनी ना पंख्याचं विचारलं, ना गरम पाण्याचं.
"रातच्याले उशीर झाला तं दार उघडान का?"
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग बाईचा आवाज,
"या हो काका, कोणीतरी जागं असतंच."
"घे," ते मला म्हणाले.

नोटा मोजताना एक ओली निघाली,
ती त्यांनी शर्टाला पुसून दिली.
प्रिंट काढली. माझे वीस रुपये
नको म्हटलं तरी ठेवलेच, काउंटरच्या काचेखाली.

दारातून पुस्तकलाबाई परत फिरल्या.
"खोली दहाले खाली कराची, असं लिवलं हाये ना?
जहाज चारले.
मंग मधात बसाचं कोठी?"

मी कागद पुन्हा पाहिला. त्यावर काही नव्हतं.
दुधराम चप्पल चाचपत म्हणाले,
"ओटा असन ना तिचा. चाल."